गळ्यातलं घड्याळ

उंदरांची सकाळ मी भरती-ओहोटीवर सोडली होती. एवढी शहाणी होते मी तेव्हा.

नव्व्याण्णव साल. कुणकेश्वरच्या अलीकडे, मुंबईहून परतलेल्या एका डॉक्टराने बंगल्यामागे उंदरांची खोली बांधली होती. उंदराच्या मेंदूला वेळ कशी कळते, आठवण कशी राहते, हे तो शोधायचा. खोलीला खिडकी नाही. रोज सकाळी सातला जाऊन दिवा लावायचा, हे माझं काम. त्यासाठी गजराचं घड्याळ दिलं होतं. ते मी देवापाशी ठेवलं आणि वेळ पाण्याला विचारली. आम्हा गाबतांच्या, मासेमारांच्या घरात वेळ तिथूनच यायची. रापणीचं जाळं किनाऱ्याला लागलं, मासळी पाटीत पडली, की मी दिवा लावायला जायची. आज लवकर, उद्या उशिरा, परवा आणखी उशिरा. पाणी सरकतं तशी उंदरांची सकाळ सरकत गेली.

त्याचं सगळं काम नासलं. चूक माझीच. शिव्या घातल्या असत्या तर खाली मान घालून ऐकल्या असत्या.

त्याने शिव्या घातल्या नाहीत. हाताखाली शिकणारे विद्यार्थी गोळा केले. घड्याळाच्या कडीत सुतळी ओवली आणि माझ्या गळ्यात घातली.

“उंदराच्या मेंदूत घड्याळ आहे,” तो म्हणाला. “या गाबतिणीच्या मेंदूत बांगडे. म्हणून हिच्या गळ्यात बांधायचं.”

पोरं हसली. आणि मी? सगळ्यांत मोठ्याने मीच. लग्नाला आलेल्या पोराची आई, पण डोरलं मिरवावं तशी मान वेळावून उभी! काय ते ध्यान!

मग तो नेमच झाला. घड्याळ दाराच्या खिळ्याला. आत शिरताना घालायचं, निघताना काढायचं. मी घालत राहिले.

पुढे त्याने नवा प्रयोग मांडला. घंटा वाजायची, जरा वेळ जायचा, मग उंदराच्या पायाला विजेचा झटका. थोड्याच दिवसांत उंदीर घंटेलाच थिजायला लागला. मग झटका बंद केला. तरी थिजायचा.

“झटका कधी येणार हे त्याला पाठ झालंय,” डॉक्टर पोरांना सांगत होता. “ही आठवण सहजासहजी पुसून जात नाही.”

मी पिंजरा पुसत होते. हात थांबला. कारण अलीकडे बंगल्याचं कुंपण दिसलं की माझा हात आपोआप गळ्याकडे जायचा. सुतळी गळ्यात यायच्या आधीच. म्हणजे दोन प्रयोग चालले होते. एक पिंजऱ्यात, एक माझ्यावर.

आठवड्याने मुंबईचे पाहुणे आले. डॉक्टर रंगात होता.

“आमचं चालतं-बोलतं घड्याळ दाखवतो. घाल गं, ये इकडे.”

मी खिळ्यावरून घड्याळ काढलं. गेले त्याच्याजवळ आणि त्याच्याच गळ्यात घातलं. मागून सुतळी ओढून आखूड केली, जाळ्याची गाठ मारली. आमची गाठ ओढली की आणखी बसते. तो ओढत राहिला.

“डॉक्टरानू,” मी म्हटलं, “आता तुमी हसा. माजा हसान झाला.”

कोणी हसलं नाही. कात्री सापडेपर्यंत घड्याळ त्याच्या गळ्यात टिकटिकत होतं. मी ते सगळं उभी राहून बघितलं. मग निघाले.

काम गेलं. बाई वेडी आहे, असं त्याने गावभर केलं. करू दे. त्याच दिवशी मी ठरवलं, माझ्या पाटीतलं शेपूटसुद्धा या माणसाच्या ताटात जाणार नाही. आणि मी विसरणार नाही.

बऱ्याच वर्षांनी, धाकटा नातू रांगत होता तेव्हा, तो मासळीबाजारात माझ्यासमोर आला. केस पिकलेले. माझ्या टोपलीत ताजी सुरमई.

“केवढ्याला?”

“तुमका नाय.”

“अहो, किती वर्षं झाली त्याला. विसरा की आता.”

“पुसान जायत नाय ती आठवण,” मी म्हटलं. “तुमीच सांगललात.”

गेला. पिशवी रिकामी. शेजारी माझी सून बसली होती, खारेपाटणची. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोयता खाली ठेवून ती म्हणाली,

“आये, ह्यो कोण गो? तुका बघल्यान आणि तेचो हात आपसूक गळ्याकडे गेलो.”