गोफणवाले

धाराशिवच्या बसस्थानकाजवळ माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ते युद्धाच्या एका जुन्या गेममध्ये स्वतः निवडलेल्या टोळ्या घालत बसतात. त्यांच्या गेममध्ये आमच्या जवळचं तेर हे प्राचीन काळचं श्रीमंत शहर आहे आणि त्यावर रानटी टोळ्या चालून येतात. कुठल्या टोळ्या घ्यायच्या, यावर ते माझा प्रिंटर उघडा टाकून माझ्याशी वाद घालतात. "सर, शक घेतले. हूण नकोत, ते लई उशिरा आले." बोलताना पेचकस कानामागं खोचलेला असतो.

परवा त्यांनी डोंगरातली एक टोळी तयार केली. खांद्यावर घोंगडी, हातात गोफण. तेवढ्यात त्यांची बायको, म्हणजे वहिनी, डबा घेऊन आल्या. त्यांचं माहेर सोनारीकडचं, मेंढरं राखणारं.

"हे कोण?" त्यांनी स्क्रीनकडं बघत विचारलं.

"रानटी टोळी हाय. शहर लुटती."

"आमच्या आज्ज्यावाणी दिसत्यात की." वहिनी हसल्या नाहीत.

मला वाटलं, गेमच आहे म्हणून ते उडवून लावतील.  पण त्यांनी स्वतःची खुर्ची वहिनींकडं सरकवली. "मग ह्यांना काय देऊ?"

"मेंढरं द्या की. माणसं काय नुसती गोफण घिऊन हिंडत्यात व्हय?"

डबा तसाच ठेवून मेकॅनिकनी ती टोळी हल्लेखोरांतून काढली. संध्याकाळी मी प्रिंटर न्यायला गेलो, तेव्हा स्क्रीनवर तेरच्या वेशीबाहेर कळप चरत होता आणि ते फोनवर वहिनींना विचारत होते, "एका कळपामागं कुत्री किती असतात गं?"