छपरावरचं जाळं

नागपुराला समुद्र नाही ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी तेवढी ती कधी मान्य केली नाही. आमच्यापासून कुठल्याही बाजूनं समुद्र गाठायचा तर आगगाडीत रात्र काढावी लागते. पण वैशाख लागला की जाऊबाई ओसरीत उभ्या राहून हवेचा असा वास घ्यायच्या, जणू लाटा गल्लीच्या तोंडाशी येऊन ठेपल्यात. बाकीच्या बायका त्या दिवसांत खसाच्या ताट्या भिजवायच्या, कुरड्या वाळवायच्या. जाऊबाई खाटेचे पाय खांबाला बांधायच्या. पिण्याचं पाणी झाकणाच्या डब्यांत भरायच्या, चिवड्याचा डबा आढ्याला टांगायच्या, आणि पदर खोचून टिनाच्या छपरावर मासे धरायचं जाळं पसरायच्या. हो, मासे धरायचंच! कडेनं दगड लटकवलेले, आणि काथ्याच्या दोरीनं खाली खुंट्यांना आवळलेलं. शेजारीण कुंपणावरून ओरडायची, "काय वं बाई, छपरावर मासे पकडून राहिली काय?" जाऊबाई वरूनच म्हणायच्या, "हो! सापडला तर तुले देईन. काटे पाहून खाजो."

हे जाळं आलं कुठून, ते सांगते. माझे थोरले दीर नोकरीपायी पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावी होते. तिथं चक्रीवादळ आलं आणि यांच्या पक्क्या क्वार्टराचं छप्पर पत्त्याच्या पानासारखं गेलं. मागची कोळणीची झोपडी मात्र जाळ्याखाली शाबूत. तिनं जाऊबाईंना आणि कडेवरच्या पोरीला ओढून आत घेतलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण गाव सोडताना त्या बाईनं एक जुनं जाळं दिलं आणि एक गाठ शिकवली. वारा ओढेल तशी ती घट्ट होते, आणि आपण शेपूट ओढलं की झटक्यात सुटते. दिरांनी तिकडून पितळी दिवा आणला, तो बैठकीत ठेवला. बायकोनं आणलेल्या जाळ्याची त्यांना जन्मभर लाज वाटली.

जाऊबाईंना लग्नाला नेणं म्हणजे एक परीक्षाच. गांधीबागेत एका नातेवाइकाकडचं लग्न होतं. पंगत बसली आणि या मांडवाचा एकेक खांब हलवून पाहत फिरताहेत! मांडववाल्याला म्हणाल्या, "खुंट्या सरळ काहून ठोकल्या गा? तिरप्या ठोक." तो हात जोडून म्हणाला, "माताजी, शादी है, जंग थोडी है." सगळी पंगत हसली. जाऊबाईही हसल्या, आणि खांबाला पाठ लावूनच जेवायला बसल्या.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते माझ्या पुतणीला, जाऊबाईंच्या त्याच कडेवरच्या पोरीला, पाहायला अमरावतीकडचे पाहुणे येईपर्यंत. पोर बी.ए. झालेली, नाकीडोळी नीटस. मुलाला तिनं एका लग्नात पाहिलं होतं आणि तो तिला मनापासून आवडला होता. लाजत का होईना, मला तसं बोललीही होती. त्या दिवशी सकाळीच दीर अंगणात उभे राहून म्हणाले, "ते जाळं उतरव. पाहुणे काय म्हणतील?"

"आज नको," जाऊबाई म्हणाल्या. "हवा पडली आहे, पाहा ना. पान हलून नाही राहिलं, वादळाच्या आधी असंच होते. उद्या मी स्वतः काढते."

"उद्या कोणाले दाखवू? तुह्या समुद्राले?" असं म्हणून ते स्वतःच शिडी लावून चढले. गाठी सोडायचं शेपूट त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून दोऱ्या विळ्यानं कापल्या आणि जाळं लाकडांच्या मागे कोंबलं.

पाहुणे आले. पोरगी पोहे देऊन बसली, मुलगा चोरून पाहत होता, सगळं जुळल्यातच जमा होतं. आणि दिरांना गप्पांची लहर आली. जाळं लपवलं होतं, पण त्याची गोष्ट काही त्यांना लपवता येईना! "आमच्या घरी एक गंमत आहे," ते म्हणाले, "घरची बाई दरसाल वादळाची वाट पाहते!" पाहुण्यांना हसून हसून बशा खाली ठेवाव्या लागल्या. तेवढ्यात उन्हाचा रंग मातकट झाला आणि आंधी आली. पहिलं टिन उडालं तेव्हा दीर अजून हसतच होते. मग बैठकीवर नुसतं आभाळ. पोह्यांत माती पडली, आणि मुलाच्या आत्याच्या कपाळाला खोक पडली. ती रक्त पुसत उठली. "हिनं वाट पाहिली म्हणून आलं. अशा घरची पोर आमच्याकडं नाही आणायची!"

गल्लीतली आणखी कितीतरी टिनं त्या दिवशी उडाली. त्या घरांत कोण वाट पाहत होतं, हे कुणी विचारलं नाही. जाळं आपण काढलं, हेही दिरांच्या तोंडून निघालं नाही, उलट बायकोलाच म्हणाले, "झालं समाधान?" ते जाऊबाईंनी गिळलं असतं. पण पोरही म्हणाली, "आई, झालं ना तुझ्या मनासारखं?"

जाऊबाईंनी त्यानंतर काही म्हणून बांधलं नाही. जाळं परसात दोडक्याच्या वेलाला दिलं. पुढं आलेल्या प्रत्येक स्थळाच्या आधी ती आत्या आपली गोष्ट घेऊन पोचलेली असायची. पोरगी शाळेत शिकवायला लागली आणि तशीच राहिली. घरावर स्लॅब पडला. मे महिन्यात वारा सुटला की आम्ही खिडक्या लावायला धावायचो, आणि जाऊबाई उघड्या दारात बसून पदर उडू द्यायच्या.

दीर गेल्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी वारा उठला. मागच्या पडवीवर तेवढी टिनं राहिली होती, पुतणी त्यांच्यावर दोरी टाकून खुंटीला बांधत होती. गाठ दरवेळी सरकायची. कानशिलावरचे पांढरे केस तोंडावर येत होते. मी दिवा घेऊन उभी होते. जाऊबाई खाटेवरून बराच वेळ पाहत राहिल्या.

"अशी नाही वं," शेवटी म्हणाल्या. "आण इकडं."

त्यांनी दोरीचं टोक खाटेच्या पायाला वळवलं, आणि गाठ बसली. पुतणीनं शेपूट ओढून ती सोडली, पुन्हा बांधून पाहिली, आणि आईच्या पायाशी बसली.

वादळ काही आलं नाही. धूळ आली, चार थेंब आले आणि गेले. पण दोरीची उरलेली टोकं दोघींच्या हातांत बराच वेळ तशीच होती.