डोहातले वरचे मासे

मावशीच्या घरामागे रानातला ओढा उतरतो आणि एका डोहात जरा विसावतो. परवा खूप वर्षांनी तिच्याबरोबर तिथे बसले. लहानपणी मी याच खडकावर पालथी पडून मासे बघत राहायचे. अगदी वर बारीक चंदेरी मासे असत, झाडावरून मुंगी-किडा पडला की झेपावणारे. त्यांच्याखाली पट्टेवाले घोळक्याने फिरत. तळाशी मातकट मासे दगडांवरचं शेवाळ खरवडत. कुणी कुणाच्या जागेत फारसं शिरत नसे.

आता पाणी तेवढंच होतं, पण वर एकही मासा नव्हता. मधेही तुरळकच. उन्हाने शेवाळून हिरव्या झालेल्या दगडांवर तळाचे मात्र उदंड झाले होते.

"पाण्यात कुणी औषध टाकलं का गं?" मी विचारलं.

"नाही गं. काठावरची जांभळं, करंजं तोडली ना, तेव्हापासून असं झालंय. तुझ्या काकांच्या दुखण्यात पैशांसाठी मीच ती तोडायला दिली."

मी वर पाहिलं. डोहावर उघडं आभाळ होतं. पाण्यातले जीव पाण्यावरच जगतात, असं आपण धरून चालतो. त्यांचा घास कुठल्या फांदीवर होता, ते फांदी गेल्यावर कळतं. माझा घास कुणाच्या फांदीवर आहे, मला तरी कुठे ठाऊक आहे? मला तिथे बसवेना.

मावशीने मूठभर कुरमुरे पाण्यावर टाकले. ते तसेच तरंगत राहिले.

"येतील," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून उन्हात बसून राहिली.