राहेलबाईंचा मलिदा

राहेलबाई देवाला थांबायला सांगत. डोळे मिटून प्रार्थना चाललेली असावी आणि उंबऱ्याशी कुणी हाक मारावी, की त्या वर बघून "जरा थांब, आले" म्हणत आणि उठत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मलाच सांगताहेत. मी आपला मुकाट्यानं थांबलो.

गिरडच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, मी शाळेत मास्तर, आणि आमच्या खोल्यांची भिंत एक होती. बाई मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल. ज्यू म्हणजे कोण हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. शनिवारी यांची चूल पेटत नाही, एवढं मात्र बायकांनी हेरलं होतं.

देवाला थांबवण्याबद्दल मी विचारलं, तेव्हा त्यांनी अब्राहामाची गोष्ट सांगितली. "भर उन्हात देव त्याच्या तंबूपाशी प्रकट झाला. तेवढ्यात तीन वाटसरू दिसले. तर हा देवाला म्हणाला, थांब, आणि त्यांच्याकडे धावला. आमचे जाणते सांगतात, पाहुण्याचं करणं देवाच्या दर्शनाहून मोठं. ते तिघे नंतर देवदूत निघाले."

"अब्राहामाला ते ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर धावण्यात काय मोठं, मास्तर?"

गावच्या दर्ग्याच्या टेकडीखालचे लोक बाईंनाच फरिश्ता म्हणत. त्यावर त्या चिडत. "देवदूताला एकच काम देतात. ते झालं की तो सुटला. माझी भांडी अजून घासायची आहेत."

खालच्या वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्यानंतरचा तो उन्हाळा. चिडलेल्या गावानं वस्तीला काम बंद केलं, बैलबंडी बंद केली. त्याच दिवसांत बाईंचा भाऊ इस्राएलला सुखरूप पोचल्याची खबर आली. त्याच्यासाठी त्यांनी एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावानं मलिद्याचा नवस बोलला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. ताट मांडून त्यांनी प्रार्थना सुरू केली, मी समोर बसलो, आणि वस्तीतला सोमा दारात आला.

"बाई, गंगी अडली. पोर आडवं हाये म्हन्ते दाई."

गंगी त्याची बायको. बाईंनी ताटावर फडकं टाकलं, वर पाहून "थांब" म्हटलं आणि निघाल्या; मीही मागोमाग गेलो. गंगीला तपासून त्या बाहेर आल्या त्या थेट पाटलाच्या वाड्याकडे वळल्या. हिंगणघाटच्या मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर दोघंही जातील, एवढंच त्या वाटेत बोलल्या.

पाटील ओसरीवर होते. "बंडी नाई भेटत, बाई. गावानं ठरवून टाकलं."

"ठरवलं असेल. मी नव्हते त्यात," असं म्हणून बाईंनी गोठ्यातून बैल सोडले. कोकणातल्या बाईनं जन्मात जू धरलं नव्हतं. पण त्यांनी ते धरलं, आणि डाव्या बाजूचा बैल उजवीकडे जुंपून मोकळ्या झाल्या. बैल बावरले, एकमेकांना ढुशा देऊ लागले. गडी हसले. पाटील मात्र हसले नाहीत. आपल्या जोडीची ती दशा त्यांना बघवेना.

"अवो, तो डावा हाये. उजवीकडं काऊन घातला?" ते उठले, दोघांच्या जागा बदलल्या. बाईंनी कासरा हातात घेतला.

"मला कुणी अडवायचं नाही, पाटील. मी हाकणार."

कासरा भलताच धरलेला पाहून पाटील बंडीवर चढले. मग म्हणाले, "सरका तिकडं. माहे बैल मारसान तुमी."

आणि ज्या वस्तीला बंडी द्यायची नाही असं ठरलं होतं, त्या वस्तीत पाटील स्वतः बंडी हाकत गेले. हिंगणघाटला गंगी वाचली. मुलगी झाली, तीही वाचली.

दुसऱ्या दिवशी बाई परतल्या. मी म्हटलं, "पाटील देवदूतच निघाले की."

"असतील. एक काम केलं, गेले घरी." त्यांनी ताटावरचं फडकं काढलं. पोहे सुकून कडक झाले होते, गुळाला मुंग्या लागल्या होत्या. बाई मुंग्या झटकायला बसल्या.

"नवा मलिदा करा ना, बाई. असा कसा चालेल?"

"माझ्यासाठी कालपासून ताटकळलाय तो," त्या वर बघून म्हणाल्या. "आता पोहे भिजेपर्यंत पुन्हा थांब म्हणू?"

मग डोक्यावर पदर घेऊन, जिथं सोडली होती तिथूनच त्यांनी प्रार्थना पुढे सुरू केली.