मदतीला उठलेलं गाव

आमच्या गाण्याच्या पार्टीला नाव नव्हतं. कार्यक्रम ठरवायला आलेली माणसं विचारायची, बोर्डावर काय लिहायचं, आणि आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो. एक नाव देवळातलं वाटायचं, दुसरं चर्चमधलं, तिसरं जयंतीच्या मिरवणुकीतलं. शेवटी रंगारी कंटाळून 'गाण्याचा कार्यक्रम' एवढंच लिहायचा. आम्हाला तेच बराबर वाटायचं.

जालना तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची शेतकऱ्याची पोर, डी.एड.ला जालन्यात खोली घेऊन राहायचे. शेजारच्या खोलीत एक नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, म्हणून मीही. लहानपणापासून चर्चमध्ये गायलेली. तिचा धाकटा भाऊ बियाण्याच्या कंपनीत कामाला होता आणि गिटार वाजवायचा. वाजवायचा कसला, बडवायचा. दर कार्यक्रमाला एखादी तार तुटायचीच, आणि हा पठ्ठ्या उरलेल्या तारांवर तसाच पुढे. ढोलकीला जाफराबादकडचे एक प्राथमिक शिक्षक होते, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. जयंतीच्या गाण्यांत त्यांची ढोलकी ऐकायला लोक दुसऱ्या गावाहून यायचे. बोलायला अगदी मऊ माणूस, पण ढोलकी मांडीवर घेतली की अंगात काहीतरी शिरायचं.

मी चौथी. माझं पार्टीत येणं नळावर ठरलं. कपडे धुता धुता मी आईची जात्यावरची ओवी गुणगुणत होते. सिस्टर बादली घेऊन मागे उभी. म्हणाली, "हा आवाज मला पाहिजे."

मला वाटलं चेष्टा करून राहिली. कारण माझा आवाज खालचा, जाड. गावात बायका भजनाला बसल्या की मला हसायच्या, बाप्याचा आवाज म्हणायच्या. शाळेत प्रार्थनेला बाईंनी मला मागच्या ओळीत नेलं होतं आणि नुसते ओठ हलव म्हणाल्या होत्या. मी कैक वर्षं नुसते ओठ हलवले. रागही यायचा, पण सांगणार कोणाला? आणि इथं ही बाई साबणाचा फेस बघत म्हणते, पाहिजे.

तिला मी सेकंडसाठी पाहिजे होते. सेकंड म्हणजे दुसरा आवाज. गाण्याची चाल सिस्टर वरून घेणार, आणि मी त्याच वेळी, त्याच शब्दांत, खालून वेगळे सूर लावत तिच्याबरोबर चालणार. चर्चमध्ये तसं गातात म्हणे. मला ते काही केल्या जमेना. आमच्या भजनात पन्नास माणसं बसली तरी सूर एकच. कोणी घसरला तर शेजारचा त्याच्या कानाशी मोठ्यानं गातो आणि त्याला परत आणतो. त्यात अपमान नसतो, उलट माणूस त्याचे उपकार मानतो. माझं तसंच व्हायचं. दोन ओळी खालून चालले की वरचा सूर ऐकून मी सुतासारखी सरळ व्हायचे आणि सिस्टरच्या सुरात जाऊन बसायचे. सिस्टर कपाळाला हात लावायची. मी भांडायचे, "तुमचं गाणंच तिरपागडं हाय." मग चहा व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्या दिवशी जमलं त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. ओवी माझ्या आईची, पण खालून मी, वरून सिस्टर, मध्ये गुरुजींची ढोलकी दुप्पट झालेली आणि गिटारवाला उभा राहून बडवतोय. माइक नाही, मशीन नाही. लाइटचा भरवसा नव्हता म्हणून आम्ही त्या भानगडीत कधी पडलोच नाही. नुसत्या गळ्याचा आणि हाताचा असा दणका मी आधी ऐकलेला नव्हता. गाणं संपल्यावर मी वेड्यासारखी हसत सुटले. आपला आवाज कशाच्या तरी कामाचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मग आबांना कळलं. आबा म्हणजे माझे वडील. धावड्याच्या भजनी मंडळात चाल सांगायचा मान त्यांचा. कोणाचा सूर हलला की आबांची मान वाकडी व्हायची, जेवताना दाताखाली खडा आल्यासारखी. कोणीतरी त्यांना सांगितलं की तुमची पोरगी जालन्यात पार्टीत गाते. दुसऱ्या दिवशी एसटीनं आबा माझ्या दारात.

"गाणं म्हणून राह्यली म्हणं तू."

"हो."

"कोणासंगं?"

आईनं निरोप धाडला होता की कबूल होऊ नको. पण मला लपवाछपवी जमत नाही, डोकं तापतं. मी सगळं सांगितलं. चर्चवाली सिस्टर, तिचा भाऊ, जयंतीची ढोलकी वाजवणारे गुरुजी, सगळं. आबांनी ऐकून घेतलं.

"लोकं काय म्हणतील ते मी बघतो," आबा म्हणाले. "सुराचं तू बघ. सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत या समदे. मी म्होरं बसतो. सुरात राह्यली तर गा जलमभर. बेसूर झाली तर डी.एड. कर आन् गप नोकरीला लाग. बेसूर पोरगी गावोगाव फिरलेली मला चालायची न्हाई."

आता याला काय म्हणावं? बाकीच्यांचे बाप जात बघायचे, माणसं बघायचे, उशिरा घरी येणं बघायचे. माझ्या बापानं नेमकी तीच गोष्ट धरली जिथं मी खरंच मार खाणार होते. कारण सेकंड म्हणजे आबांच्या कानाला काय वाटणार हे मला पक्कं माहीत होतं. मी सिस्टरला म्हणाले, त्या दिवसापुरती मी तुझ्याच सुरात गाते. ती म्हणाली, "मंग तुझी गरज काय? माझा सूर माझ्याजवळ आहे." मला तिचा असा राग आला की दोन दिवस बोलले नाही. पण तिचं खरं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, पोरांची लेझीम झाली आणि शाळेच्या पटांगणात सगळं गाव बसलं. एका बाजूला बायका, एका बाजूला बापे, पुढे सतरंजीवर आबा आणि त्यांचं भजनी मंडळ, फेटे बांधून. आम्ही आईची ओवी आधी ठेवली होती, गावाला ओळखीची म्हणून. हेच चुकलं. पहिलं कडवं सिस्टरनं एकटीनं म्हटलं, गाव खूश. दुसऱ्या कडव्याला मी खालून आले.

आबांची मान वाकडी झाली.

मी डोळे मिटले आणि चालत राहिले. तेवढ्यात बायकांमधून माझ्या चुलतीचा आवाज आला. तिला वाटलं, पोरगी एवढ्या लोकांसमोर घाबरली, रस्ता चुकली. ती माझ्याकडे बघून मोठ्यानं मूळ चाल म्हणायला लागली, हातानं "अशी, अशी" करत. तिच्या शेजारची उठली. मग आख्ख्या बायका. चालीत येत नाही म्हणजे काय, आपल्या गावची पोर आहे, तिला आणायलाच पाहिजे. मी ओठ चावून खालचा सूर धरून ठेवला. आणि मग आबा उभे राहिले. कानावर हात ठेवला, पोटातून सूर काढला आणि माझ्या थेट समोर येऊन मला वाट दाखवायला लागले. त्यांच्या मागे भजनी मंडळ टाळ घेऊन उठलं. गाव माझ्या मदतीला उठलं होतं, आणि मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

पार्टीला यातलं काही कळलं नाही. गिटारवाल्याला वाटलं, लोक आनंदानं गायला लागले. इतकी वर्षं ज्याची स्वप्नं बघितली ते आज झालं. त्यानं दोन तारा तोडल्या. गुरुजींनी ढोलकी अशी उचलली की फेटेवाल्यांचे टाळ धावायला लागले. सिस्टर डोळे पुसत गात होती. सगळं पटांगण गात होतं, आणि खाली मी एकटी, रागानं लाल, माझा सूर न सोडता.

कार्यक्रम संपल्यावर टाळ्या थांबेनात. आबा माझ्याकडे न बघता घरी गेले.

जेवायला सगळे आमच्याच घरी होते. आबांनी चौघांना घरच्याच पंगतीत बसवलं, वाढायला स्वतः उभे राहिले. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. गिटारवाला ठेच्यानं घामाघूम होऊन सांगत होता की असं गाव उभ्या जिल्ह्यात नाही. आबांनी त्याला आणखी एक भाकरी वाढली आणि म्हणाले, "तुमचं समदं चांगलं हाय. पण आमची पोरगी सुरात राह्यली न्हाई. तिला सोडा आता."

सिस्टर समजवायला लागली. आबा खाली बसून ऐकून घेत होते, पण ऐकत नव्हते. माझं डोकं सणकलं. मी हात धुतले आणि आबांसमोर जाऊन बसले.

"तुमी ओवी म्हणा," मी म्हणाले. "आन् काई झालं तरी थांबू नका."

आबांनी सुरू केली. मी खालून आले. आबा थांबले. "ही बघ, गेली खाली."

"मी खालीच जाणार हाय. तुमचा सूर एवढा पक्का हाय तर माझ्यानं हलतो कशाला? तुमी चालत राहा."

असं कोणी आबांना बोललेलं नव्हतं. गुरुजी भाकरीकडे बघत बसले. आबांनी मांडी सावरली आणि पुन्हा उचललं, या वेळी हट्टानं. मी खालून लागले. कडवं निम्म्यावर आलं तेव्हा आबांच्या कपाळाची आठी सुटायला लागली. मग त्यांनी डोळे मिटले. कडवं संपलं. आई चुलीपुढून पिठाच्या हातानं दारात आली होती. म्हणाली, "थांबले कशाला? चांगलं वाटून राह्यलं होतं की."

आबांनी गुडघ्यावर बोटं वाजवली. म्हणाले, "बेसूर न्हाई हे. पण आमच्यातलं बी न्हाई." आणि मग माझ्याकडे न बघता, "गा. फक्त मला आधी सांगत जा, मदतीला उठायचं का न्हाई ते."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी भांडी उचलली.

त्यानंतर आम्ही पुष्कळ गायलो. परतूरला धान्याच्या मोंढ्यात, जाफराबादच्या बाजारात, नाताळात, जयंतीत, गणपतीत. जीपमध्ये आम्ही आणि टपावर ढोलकी. माझं लग्न झालं, परतूरला नोकरी लागली, तरी गायलो. जमेल तिथं आबा यायचे. पुढे बसायचे, मान सरळ. मग गुरुजींची बदली झाली, सिस्टर निवृत्त होऊन भावासोबत नाशिकला गेली, आणि आमची बिननावाची पार्टी कुठलंही भांडण न होता संपली.

दोन हजार सालानंतर आई-आबा माझ्याकडे परतूरला राहायला आले. आबांना दम लागायचा. भजन सुटलं होतं, त्याबद्दल ते बोलायचे नाहीत आणि आम्हीही विचारायचो नाही. एका संध्याकाळी भारनियमनात लाइट गेलेली, आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. आई म्हणाली, "म्हणा की ती ओवी. दोघं मिळून."

आबांनी तोंड उघडलं. वरचा सूर आलाच नाही, नुसती हवा आली. मी थांबले. मला वाटलं, आता विषय बदलावा, चहाचं काढावं.

"तू थांबली कशाला?" आबा म्हणाले. "तू वर चाल."

दोघांच्या गाण्यात मी पहिल्यांदा वरची चाल घेतली. दुसऱ्या कडव्याला आबा खालून आले. माझा सेकंड, जसाच्या तसा. जिथं मी वळायचे तिथं वळत, जिथं मी श्वास घ्यायचे तिथं घेत. इतकी वर्षं पुढे बसून त्यांनी तो ऐकला होता आणि मला कधी पत्ता लागू दिला नव्हता.

ते लक्षात आलं आणि माझा सूर पार गेला. आबा मला वाट दाखवायला उठले नाहीत. त्यांनी मानही वाकडी केली नाही. आपला खालचा सूर धरून ते तसेच चालत राहिले, मी परत येईपर्यंत.