व्याह्यांची गेरूची खूण

आमच्या व्याह्यांच्या मते देवानं ही पृथ्वी घडवली खरी, पण तिच्यावर शेवटचा हात फिरवायचा राहून गेला. ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलं होतं. अरुणावती नदीच्या पलीकडच्या गावात ते नावा बांधायचे. नाव उपडी घालून तिच्या अंगावरून बांबूची लांब कामटी फिरवायची. कामटी डुगडुगली की उंचवटा. गेरूची लाल खूण करायची, तिथं रंधा मारायचा. कामटीखालून उजेड दिसला की खळगा. कोळशाची काळी खूण, तिथं राळ भरायची. पण ही कामटी पाहुणपणातही सुटत नसे. बैलाच्या पाठीवर लावत, जेवायला बसायच्या पाटावर लावत. माझी मुलगी पाहायला आले आणि मुलीआधी माझी भिंत पाहिली. ती मी स्वतः रचलेली, तालुक्यात तशी दुसरी नाही. त्यांनी मधोमध लाल खूण ओढली.

"अजी पाहुणे, हे भिंत होय, नाव नोहे!" मी म्हणालो.

"म्हणूनच बुडाली नाही अजून," ते म्हणाले.

सोयरीक तरीही जमली. आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात पोरीचं पहिलं बाळंतपण होतं. ती माहेरी यायची, आणि नदी तर भरलेली. जुनी नाव फुटलेली, नवी पलीकडच्या काठावर मांडवाखाली उपडी. गाडीनं फेरा घ्यायचा तर रस्ताभर चिखल आणि पोर अवघडलेली. मी रोज अलीकडून व्याह्यांना ओरडून विचारायचो, "इवाई, पोरीले आठवा लागला! कधी सोडता नाव?"

"नावेच्या पाठीवर गाठ आहे अजून!"

"पाण्याले काय दिसते जी?"

"पाण्याले डोळे नाहीत, म्हणून तर त्याले सारं समजते!"

एका सकाळी पाहतो तर आख्खी नाव लालभडक. गेरूच्या खुणा पाहून पोरीला वाटलं, सासऱ्यांनी नावेची पूजा मांडली. तिनं शेजारणी जमवून हळदकुंकवानं ती पुरी केली. सगळ्या खुणा त्यात बुडाल्या. आता व्याही कामटी मोडतात की काय, असं मला झालं. पण पाण्यावरून त्यांचं हसूच ऐकू आलं.

"सूनबाई, नावेची नवरी केली का व! आता तिचं अंग मले हातानंच पाहा लागते."

आणि डोळे मिटून, दोन्ही तळवे फिरवत, ते दिवसभर त्या नावेभोवती हिंडले. जिथं हात अडला तिथं लगेच रंधा.

दुसऱ्या दिवशी नाव पाण्यात पडली. वल्हं त्यांच्याच हाती. मधल्या धारेतही ती डगमगली नाही. पोर हसत उतरली. मी हात जोडले, तर व्याह्यांचं लक्षच नाही. नावेच्या कुशीवर तळवा ठेवून म्हणाले, "डाव्या अंगाले थोडं राह्यलंच."

पुढं पूल झाला. नावा गेल्या, व्याहीही गेले. दर दिवाळीला मी भिंत सारवतो, तेवढी खूण सोडून.

"कायले ठेवता जी ते?" बायको विचारते.

मी डोळे मिटून त्या खुणेवर हात फिरवतो. उंचवटा मला आजही लागत नाही. पण खूण व्याह्यांनी केलेली आहे. असेल उंचवटा.