ओविलाच्या खिडकीचा पडदा

शनिवार, ११ फेब्रुवारी १९८४. लूर्दच्या मातेचा सण. वादळ पहाटे शमलं. पुढचं दार उघडेना, बर्फ कडीच्याही वर आहे. फक्त उन्हाळ्यात वापरतो त्या मागच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडले. लाकडं आत आणली. खुराड्याचं छप्पर मधोमध वाकलं आहे. फोन बंद. व्हरांड्याच्या खांबाला लाल कापड बांधलं. ओविला आला नाही.

हे शेवटचं वाक्य माझ्या डायरीत त्याआधी कधी आलेलं नव्हतं. रोज लिहायची सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावली. आर्मां, माझे यजमान, गेल्यापासून दर हिवाळ्यात वादळाच्या दुसऱ्या दिवशी एकच नोंद सापडते: ओविलाने वाट काढली.

आमच्याकडे शेतघरं रस्त्याकडेला एका रांगेत आहेत. वादळ थांबलं की ज्याच्याकडे ट्रॅक्टर असेल तो आधी विधवेच्या घरची वाट मोकळी करतो आणि मग स्वतःच्या गोठ्याकडे वळतो. हे कुणी कधी ठरवलेलं नाही, आणि मोडल्याचंही मी ऐकलं नव्हतं.

ओविला आर्मांचा लहानपणापासूनचा सोबती. कान एवढे मोठे की कानटोपीत मावत नाहीत. नदीवरचा बर्फ फुटेपर्यंत दाढी करायची नाही, हा त्याचा नेम. फिडल वाजवायला बसला की दोन्ही पायांनी ताल धरतो आणि खुर्चीसकट पुढे सरकत जातो. आर्मां काही वर्षांपूर्वी जानेवारीत गेला. जमीन गोठलेली, शवपेटी वसंतापर्यंत दफनभूमीतल्या कोठडीत ठेवायची होती, आणि तिथवर जायला रस्ताच उरला नव्हता. ओविलाने एकट्याने तो फोडला. परत आल्यावर त्याने माझ्या व्हरांड्याच्या खांबाला एक खिळा ठोकला.

"मादाम आर्मां," नेहमीसारखी नवऱ्याच्या नावाने हाक मारत तो म्हणाला, "काही लागलं तर इथं लाल काहीतरी बांधा. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सरळ दिसतं. हातातला घास टाकून येईन."

एकदा पाण्याचा पाईप फुटला तेव्हा तो खरोखरच तसा आला होता, गळ्यात जेवणाचा रुमाल आणि मिशीला रस्सा. मी त्याला दर वेळी बीटच्या लोणच्याची बरणी द्यायची. त्याची बायको फर्नांद म्हणायची, याचं खरं लग्न तुमच्या बरणीशीच झालंय, मी आपली भांडी घासायला.

रविवारीही तो आला नाही. त्याच्या धुराड्यातून धूर निघत होता, म्हणजे घरात माणसं होती. शरद ऋतूत लाकडं फोडताना त्याला धाप लागलेली मी पाहिली होती. ती आठवली आणि मग दुसरं काही सुचेना. लांब दांड्याच्या दाताळ्याने खुराड्यावरचा बर्फ जमेल तेवढा ओढून काढला. एक कोंबडी दबून मेली होती. मग वाटाण्याचं सूप केलं, भांड्याला फडकं गुंडाळलं, आर्मांचे बर्फावर चालायचे जाळीदार जोडे पायांत बांधले आणि निघाले. फाटकाशी रस्ता साफ करणाऱ्या सरकारी गाडीने लोटलेला बर्फ खडकासारखा घट्ट झाला होता. त्यावरून मी जवळजवळ रांगतच गेले.

ओविलाची वाट मात्र झाडून काढल्यासारखी स्वच्छ होती. तरीही मला वाटलं, बिचारा एवढं करून आडवा पडला असेल. मग स्वयंपाकघराची खिडकी दिसली. भर दुपारी तिचा पडदा ओढलेला होता. मी तो ओढलेला कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्यावर पिवळी फुलं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

आत दोघं पत्ते खेळत होती. ओविला पत्ते हातात धरूनच उठला.

"चालत आलात तुम्ही?"

छाती कशी आहे, मी विचारलं. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली.

"सांग की," फर्नांद म्हणाली. "नाहीतर मी सांगते. मला तर कालपासून घास गिळवत नाहीये."

शेवटी तिनेच सांगितलं. नवीन वर्षाला माझा मुलगा रेजाँ त्यांच्याकडे येऊन बसला होता. तो म्हणाला, रिमूस्की शहरातल्या वृद्धाश्रमात आईसाठी जागा झाली आहे, पण ती ऐकत नाही. आणि ओविला वाट काढत राहील तोवर ऐकणारही नाही. एक वादळ वाट न काढता जाऊ दे, एवढंच त्याने मागितलं होतं.

"तुमच्या भल्यासाठीच म्हणाला तो," ओविला म्हणाला. "आणि तुमच्या धुराकडे माझं लक्ष होतं. धूर थांबला असता तर धावत आलो असतो."

"पडदा ओढून?"

त्याने पत्ते टेबलावर पालथे ठेवले.

"गोठ्यात जाता-येता बघत होतो धूर. इथे बसून ते कापड बघवत नव्हतं, मादाम आर्मां."

मी भांडं उचललं. सूप तरी ठेवा, फर्नांद म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"आजाऱ्यासाठी केलं होतं," मी म्हटलं आणि निघाले.

रेजाँचं मी समजू शकते. मुलं आईला हलवू बघतात, सगळ्यांचीच. पण त्याने मला तोंडावर विचारलं होतं आणि मी तोंडावर नाही म्हटलं होतं. ओविलाने काहीच विचारलं नाही. माझ्याच हाताने बांधलेलं कापड त्याने पाहिलं आणि पत्ते वाटले.

घरी पोचते न पोचते तोच मागून ट्रॅक्टर आला. मी फाटकापाशी उभी राहिले.

"राहू दे, ओविला. वाट मी काढेन."

"आठवडा लागेल तुम्हाला."

"लागू दे."

इंजिन चालू ठेवून तो तसाच बसून राहिला. कान थंडीने लाल झाले होते. टोपी खाली ओढ, असं सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं. मग त्याने ट्रॅक्टर वळवला. मी कापड सोडलं, पक्कड आणून खिळा उपटला आणि पायरीपासून फावड्याने सुरुवात केली. अंधार पडेपर्यंत एका माणसापुरती वाट सफरचंदाच्या झाडापर्यंत पोचली.

फोन सुरू झाला तसा पहिला रेजाँचाच आला. फार हाल झाले का गं आई, वाट मोकळी झाली का? तो घाईघाईने विचारत होता.

"झाडापर्यंत झाली आहे," मी म्हटलं. "ती जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊ दे त्यांना."

त्याने विचारलं, "ओविलाने सांगितलं?"

"हवा बरी आहे का तुमच्याकडे?" मी विचारलं. पुढे आम्ही हवेबद्दलच बोललो.

त्या संध्याकाळी डायरीत शेवटी लिहिलं: वाटाण्याचं सूप उद्या दुपारपर्यंत पुरेल. मीठ कमी पडलं आहे.